परत हरलो

१४ फेब्रु.

जयपूरकडून प. ह.

(परत हरलो. पूर्ण लिहायचा कंटाळा येतो. यापुढे प. ह.)

सहाव्या इनिंगपर्यंत आपण एका रनने पुढे होतो. मग देवेंद्रचा हात गेला. ओळीने तीन बॅटर फुकट बेसवर गेले आणि चौथ्याने चेंडू कुंपणापलीकडे मारला. चार रन. देवेंद्र पिचरच्या उंचवट्यावर उभा राहून बुटाने माती सारखी करत बसला. कोच म्हणून मी त्याच्याजवळ जायला हवं होतं. गेलो नाही. जाऊन सांगायचं काय?

बसमध्ये वसीम माझ्या शेजारी. आमच्या बेसबॉल संघाचा कॅप्टन, कॅचर, आणि सगळ्यात वयस्क. गुडघ्याला बर्फ बांधून बसला होता. म्हणाला, "अमां सर, लोग समझते नहीं. हारने में भी उतनी ही मेहनत लगती है, खां."

अवधपुरीला घरी पोचलो तर अक्का थालीपीठ घेऊन दारातच. दाजींनी मोबाइलवर निकाल पाहिलेला होता. "सुधीर, तुमच्या मालकांनी नाव अगदी चोख ठेवलंय हां. भोपाळ बाज. हिंदीत बाज म्हणजे ससाणा असेल, आपल्यात खाट. पडली ती उठायचं नाव नाही." कारखान्यातल्या नोकरीसाठी दाजी इकडे आले त्याला जमाना झाला, विनोद मात्र अजून कराडचेच. हसू आलं नाही. रागही आला नाही. थालीपीठ खाल्लं.

१६ फेब्रु.

सकाळी प्रॅक्टिस. रायसेन रोडच्या मैदानावर एक चॅनेलवाला आला. त्याचं म्हणणं, आता दोनच मॅच उरल्यात. त्या हरलात तर अख्ख्या मोसमात एकही न जिंकलेला लीगमधला पहिला संघ तुम्ही. माईक तोंडाशी धरून विचारलं, "कैसा लग रहा है?"

"ठीक लग रहा है."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण खरंच तसंच वाटत होतं. पहिल्या चार-पाच पराभवांना जेवण जायचं नाही. आता जेवण जातं, झोप लागते. रोज मरे त्याला कोण रडे.

प्रेक्षकांनीही रडणं सोडलंय. कुंपणाशी बसणारे रिटायर्ड काका लोक आता "बाज, बाज आओ!" असं तालात ओरडतात. म्हणजे, बाबांनो, पुरे करा. पोरं पण कधी कधी त्याच तालावर वॉर्म-अप करतात. काय करणार?

१९ फेब्रु.

मालकांनी ऑफिसात बोलावलं. बाग सेवनियाच्या पुढे, त्यांच्या नव्या कॉलनीच्या तोंडाशीच ऑफिस. टेबलावर काचेखाली कॉलनीचं मॉडेल. छोटी घरं, छोटी झाडं, एक छोटा माणूस छोट्या कुत्र्याला फिरवतोय. ते बोलत होते आणि मी त्या कुत्र्याकडे बघत होतो.

बोलणं असं. पुढच्या मोसमाला ही पोरं नकोत. सगळी काढायची. बाहेरून तयार खेळाडू आणायचे. "आप रहिए, कोच साहब. आपसे शिकायत नहीं है. बस आपकी हाँ चाहिए. मालिक ने निकाला, ऐसा शहर में अच्छा नहीं लगता. कोच ने कहा, तो खेल की बात हो गई." मग, "समझौता समझ लीजिए. सोचकर बताइए."

गोड माणूस आहे. हे सगळं बोलताना मला स्वतः चहा ओतून दिला.

ही पोरं मी गोळा केली आहेत. गेल्या उन्हाळ्यात शहरातली सॉफ्टबॉलची मैदानं पालथी घातली, घरोघर गेलो. वसीमने सायकलचं दुकान भाच्याच्या हवाली केलं. देवेंद्रने ऑफिसातली कच्ची नोकरी सोडली. त्यांच्यात बेसबॉलचा चेंडू आधी हातात धरलेले दोनच होते. हरणारच होते. मला माहीत होतं, मालकांना मी सांगितलंही होतं, की पहिलं वर्ष असंच जाईल.

आणि आता मीच म्हणायचं, काढा.

२० फेब्रु.

बायकोचा, नीताचा, कराडहून फोन. माझ्या शाळेत हेडमास्तर विचारत होते, शिंदे सर जूनमध्ये रुजू होणार का, की आणखी बिनपगारी रजा? मालकांचं सगळं सांगितलं. म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा. पण त्या पोरांच्या गळ्यावर सुरी तुमच्या हातानं नको."

तिचं खरं आहे. हो म्हणणार नाही. आणि हो म्हणायचं नसेल तर एकच रस्ता उरतो.

रात्री आरशासमोर हिंदीत भाषण पाठ केलं. माझी हिंदी म्हणजे दूरदर्शनवर शिकलेली. जोडाक्षरं सगळी, व्याकरण रामभरोसे.

२२ फेब्रु.

झालं एकदाचं.

मालकांच्या समोर उभा राहिलो. "साहब, बहुत विचार किया. मेरा राजीनामा."

एवढंच म्हणालो. पुढचं भाषण पाठ होतं, ही मुलं माझी आहेत वगैरे. पण बोलायची वेळच आली नाही, कारण मालक खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी मला मिठी मारली.

"बस, यही सुनना था! बड़ा दिल चाहिए इसके लिए, कोच साहब."

मावाबाटी मागवली. स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातली. म्हणाले, लड़कों की चिंता मत कीजिए, मैनेजर उनसे बात कर लेगा. बाकी मैच आराम से कराइए.

पाक बोटांवरून मनगटापर्यंत आला. बाहेर येऊन नळावर हात धुतले. मी जाणार म्हणून माणसाला इतका आनंद? आपली कोणाला फार गरज नाही, हे माहीत होतं. पण तोंड गोड करण्याइतके नकोसे झालो होतो, हे नव्हतं माहीत.

वाईट वाटायला हवं. वाट बघतोय. अजून नाही वाटलं.

२३ फेब्रु.

घरी सांगितलं, राजीनामा दिला. अक्का म्हणाली, "बरं केलंस सुध्या. किती बारीक झालायस." दाजींनी पाठ थोपटली. "ताठ मानेनं सोडलंस, हे महत्त्वाचं." भाची गार्गी कॉलेजच्या ट्रिपला पचमढीला गेलीय, नाहीतर तिने पार्टी मागितली असती.

२५ फेब्रु.

पोरांना कळलेलं दिसतंय. मॅनेजरने सांगितलं असणार.

प्रॅक्टिसला गेलो तर कोणी मान वर करून बघेना. वसीम रोज "सलाम सर, क्या हुक्म" करतो, तो पॅडचे बंद बांधत बसला. देवेंद्रच्या घरचे मूळचे नागपूरचे, आनंद नगरला राहतात. संघात माझ्याशी मराठीत बोलणारा तेवढा एकच. आज तो माझ्याशी हिंदीत बोलला. "जी सर. ठीक है सर."

वाईट वाटलंय त्यांना, मी सोडून चाललो म्हणून. मला मात्र आतून थोडं बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. कोणाला तरी आपलं जाणं जड जातंय.

२७ फेब्रु.

रायपूरकडून प. ह. एका रनने.

मोसमातला सगळ्यात चांगला खेळ आजचा. पोरं चिडून खेळली. देवेंद्रने अख्खी मॅच एकट्याने टाकली, बदली करू का म्हणून विचारायला गेलो तर चेंडू पाठीमागे लपवला. शेवटच्या इनिंगला दोन बाद, तिसऱ्या बेसवर आपला माणूस, बॅटिंगला वसीम. चेंडू उंच गेला. सगळे उभे राहिले, मीसुद्धा. रायपूरचा पोरगा कुंपणाला पाठ लावून थांबला आणि त्याने तो झेलला.

काका लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बाज आओ" आज कोणी म्हटलं नाही.

मी चेंडू गोळा करून पिशवीत भरले. नेहमीसारखे.

२८ फेब्रु.

वसीमला बाजूला घेतलं. म्हटलं, उगाच अढी नको. माझ्या हिंदीत जमेल तसं बोललो. "वसीम, मुझे मालूम है आप लोग दुखी हैं. मगर मैंने सोच-समझकर फैसला किया. इसमें ही सबका भला है."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सबका?"

"हाँ. मैं करता नहीं, तो मन को खाता रहता."

"वाह, खां." त्याने ग्लव्ह काखेत मारला. "हमने तो आपको बाप की जगह रखा था." आणि गेला. तो माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असेल, पण म्हणाला तसं.

मला वाटलं, जरा जास्तच मनाला लावून घेतलंय. कोच काय, येतात-जातात.

१ मार्च

आता लिहितोय ते नीट लिहायला हवं.

गार्गी काल रात्री पचमढीहून आली. सकाळी चहा पिता पिता हिंदी पेपर चाळत होती. एकदम म्हणाली, "मामा, तू कशाला मान गया यार? सगळ्या टीमला निकालतायत."

मी म्हटलं, कोण मानलं?

तिने वाचून दाखवलं. शहराच्या पानावर खाली, चार ओळी. 'बाज के कोच का राजीनामा, सभी खिलाड़ी बाहर होंगे.'

"बरोबर आहे ना," मी म्हटलं. "दिला मी राजीनामा. पण खेळाडू बाहेर कसे?"

"अरे मामा, तेच तर! राजीनामा म्हणजे तू राज़ी झालास. कोर्टात दोन पार्ट्या झगडा मिटवतात ना, सुलह करतात, त्याला बोलतात इकडे राजीनामा. नोकरी सोडली तर इस्तीफ़ा."

मी दाजींकडे बघितलं. दाजींच्या हातात खारी तशीच. "अरे हो," म्हणाले. "अरे हो रे. लोक अदालतीच्या बातम्यांत रोज वाचतो मी." मग, "तू घरात राजीनामा म्हणालास सुधीर. मला मराठीच ऐकू आलं."

अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग माझं तोंड बघून थांबली.

म्हणजे ती मिठी. मावाबाटी. बड़ा दिल. म्हणजे वसीमला काल मी जे बोललो ते. सबका भला.

त्या वाक्यावर दिवसभर अडकून पडलोय. तो "सबका?" म्हणाला तेव्हा मी मान हलवली होती.

२ मार्च

मालकांकडे गेलो. गार्गीला बरोबर नेलं, आता माझ्या हिंदीवर माझाच भरवसा नाही. तिने सगळं समजावून सांगितलं. मालक आधी हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आप इस्तीफ़ा बोलते तो मैं रोकता. आपने राजीनामा बोला, तो मैंने गले लगा लिया!"

मी हसलो नाही म्हणून मग तेही थांबले. चहा ओतला.

"अच्छा, मान लीजिए इस्तीफ़ा ही था. आप चले गए. फिर? नया कोच आएगा, पहले दिन हाँ बोल देगा. लड़के तो तब भी गए ना? तो आप नाराज़ किस बात पर हैं?"

गार्गीने माझ्याकडे बघितलं, मी उत्तर देईन म्हणून. माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाषांतराची अडचण नव्हती. मराठीतही नव्हतं.

निघताना म्हणाले, आखरी मैच हो जाने दीजिए. रहना है, जाना है, उस दिन पक्का बता दीजिए.

येताना स्कूटरवर सिग्नलला गार्गी म्हणाली, "मामा, ते बुरे नाहीत ना पण?" नाहीत. तीच तर पंचाईत आहे.

४ मार्च

प्रॅक्टिसनंतर पोरांना बसवलं. सांगितलं. शब्द दोन, राजीनामा आणि इस्तीफ़ा, मराठीत याचा अर्थ हा, तुमच्यात तो. माझी चूक. मी तुम्हाला काढायला हो म्हणालो नाही, मी तर नोकरी सोडत होतो.

वसीमच्या नाकातून आवाज आला आणि तो बाकावर आडवा पडून हसायला लागला. "अमां सर! हम हफ़्ते भर से आपको कोस रहे हैं, मेरी बीवी ने तो बद्दुआ तक दे डाली, और आप खुद ही भाग रहे थे!" मग सगळेच. मोसमात पहिल्यांदा ही पोरं एकत्र हसली. कोणीतरी मला उचललं. वसीमने उठून माफी मागितली, मी त्याची मागितली. छान चाललं होतं.

मग कोणीतरी विचारलं, "तो सर, हम लोग रह रहे हैं ना?"

मी म्हटलं, मालूम नहीं.

हळूहळू उठून सगळे बॅगा भरायला लागले.

देवेंद्र मागे थांबला. पाण्याचे रिकामे जार टेम्पोत चढवत होता. मी एक जार उचलला. तो म्हणाला, मराठीत, कितीतरी दिवसांनी, "मला माहीत होतं ना सर."

"काय?"

"राजीनाम्याचं. आमच्या घरी पण तोच अर्थ आहे. मॅनेजर बोलला तेव्हाच समजलं, सरनं मराठीत म्हटलं असेल."

"मग पोरांना सांगितलं का नाहीस?"

त्याने जार खाली ठेवला. "काय सांगू? पोट्ट्यांना वाटून राह्यलं होतं, सरनं आम्हाला काढलं. मला माहीत होतं, सर आम्हाला टाकून चालले. यातलं कोणतं ऐकून त्यांना बरं वाटलं असतं, तुम्हीच सांगा."

रागाने नाही बोलला. हिशेब विचारावा तसं विचारलं, आणि टेम्पोचं फळकं लावून निघून गेला.

लाज वाटली. मी स्वतःला केवढा मोठा समजत होतो. पोरांच्या गळ्यावर सुरी नको म्हणून सुरी टेबलावर ठेवली, आणि कोणीतरी उचलेलच हे माहीत असून खोलीबाहेर निघालो होतो. वर तोंड गोड करून.

अक्काने जेवायला बोलावलं. नको म्हटलं.

६ मार्च, सकाळ

आज शेवटची मॅच. इंदूर. ते पहिल्या नंबरावर, आम्ही आहोत तिथे.

उठल्या उठल्या मालकांना फोन लावला. गार्गीला उठवलं नाही. चुकलं तर माझं चुकू दे.

म्हटलं, "साहब, राजीनामा नहीं. इस्तीफ़ा भी नहीं."

"तो फिर क्या है, कोच साहब?"

शब्द आठवेना. मराठीतलाही आठवेना. म्हटलं, "मैं हाँ नहीं बोलूँगा. और मैं जाऊँगा भी नहीं. ये लड़के रहेंगे तो मैं भी. नहीं तो आप हम सबको निकालिए. लेकिन आप निकालिए, अपने मुँह से. मैं बाजू में खड़ा रहूँगा, लड़कों के साथ."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता.

"मैच के बाद बात करते हैं," म्हणाले. आवाजावरून काही कळलं नाही. गोड होता, नेहमीसारखा.

नीताला कळवलं, जूनचं हेडमास्तरांना अजून काही सांगू नकोस. तिने विचारलं, म्हणजे राहणार का? म्हटलं, म्हणजे सांगू नकोस.

जिंकलो तर मालक काय करतील, माहीत नाही. हरलो तर बहुतेक माहीत आहे. देवेंद्रचा हात दोन दिवस जड आहे, तरी त्यालाच देणार चेंडू. आणि सहाव्या इनिंगला तो मातीकडे बघायला लागला तर जाऊन उभा राहणार त्याच्याजवळ. सांगायला काही नसलं तरी.

पोह्यांची बशी समोर आहे, घास उतरत नाही. दाजी म्हणाले, ॲसिडिटी असेल, गोळी घे. ॲसिडिटी नाही. आज हरायची भीती वाटते आहे.

खाली बस आली. वसीम हॉर्नवर हात ठेवून बसलाय, अख्खी गल्ली उठवणार आता. निघतो.